अनंताचं कोरल आणि फुकटचं फूल

९ फेब्रुवारी, रविवार
अनंता त्याचं कोरल माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये ठेवून गेला. त्याची बोरिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, भाड्याचं घर मिळेपर्यंत आईला घेऊन गोराईला मामाकडे राहणार. मामाकडे टँकला जागा नाही. मासे त्याने वाटून टाकले, पण कोरल कोणाला दिलं नाही. मला दिलं. सहा वर्षं वाढवलेलं. एका दगडावर बटणाएवढी हिरवी फुलं, कडेने नारिंगी. एकेका फुलाला आम्ही हेड म्हणतो. अडतीस हेड. माझ्यासमोर मोजून दिले.
कॉलेजपासूनचा दोस्त आहे, पण सूचना अशा देत होता की जणू मी काल टँक घेतला. (चार महिने झाले.) मुख्य सूचना: टँकमध्ये नवीन काही टाकायचं तर आधी पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेव, कीड येते. मी क्वालिटी कंट्रोलमध्ये चौदा वर्षं काढली आहेत. बायको, दीप्ती, म्हणाली, लिहून ठेव. डोक्यात आहे म्हटलं.
संकल्प: रोज सकाळी आठला अनंताला फोटो. एकही दिवस चुकणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
चौदा फोटो काढले, एक निवडून पाठवला. अनंताचं उत्तर: झकास. त्याची आई, अंजनाकाकू, मार्केटला मासे विकायला निघायच्या आधी फोटो बघतात म्हणे. सहा वर्षं टँकला नावं ठेवत होत्या, आता आठ वाजले की फोन मागतात.
आमचं मूळ गाव वाशिमकडे. तिथे पाणी टँकरने येतं. आणि इथे कांदिवलीत माझ्या हॉलमध्ये समुद्र आहे. आबा, म्हणजे आजोबा, असते तर बघून गप्पच झाले असते.

१६ फेब्रुवारी, रविवार
मालाडच्या एका दुकानातून सुंदर दगड आणला. त्यावर एक छोटं तपकिरी फूल आपोआप आलेलं, काचेच्या ताडाच्या झाडासारखं. दुकानदाराच्या लक्षातच नाही! मी काही बोललो नाही. फुकट मिळालं.
बादलीत पंधरा दिवस ठेवायचा नियम पाळला. म्हणजे पंधरा मिनिटं. बादली एकच, आणि दीप्तीला कपडे भिजवायचे होते. शिवाय आमच्या फील्डमध्ये आम्ही सँपल बघून लॉट पास करतो. फूल बघितलं, पास केलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
फुकटच्या फुलाला पिल्लं. पाच! अनंताला सहा वर्षांत अडतीस झाले, मला सहा दिवसांत पाच. काही माणसांचा हातच तसा असतो.
कोळंबीचे बारीक तुकडे करून भरवतो. हात लावला की लाजून आत जातं. परदेशात लोक स्वतः वाढवलेल्या कोरलला नाव देतात. मी दिलं: प्रितम्स ब्राऊन गोल्ड.
दीप्ती म्हणाली, अनंता भाऊजींना विचार की हे काय आहे. म्हटलं, सरप्राइज आहे.

२ मार्च, रविवार
एकोणीस. टँकवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, गरजूंना एकेक पिल्लू मोफत.
पवईची नमिता, तिचा टँक सहा फुटी आहे आणि ती ते विसरू देत नाही, तिने लिहिलं की ही कीड आहे, एप्टेशिया. आजूबाजूच्या कोरलला डंख मारून मारते. कोणालाही देऊ नका प्लीज. त्याखाली अकरा जणांनी हसून रडणारे चेहरे टाकले.
जेलसी. ग्रुप सोडला.

३ मार्च, सोमवार
ऑफिसात लंचला वाचन केलं. कीड आहे.
पण लवकर सापडली हे महत्त्वाचं. ग्रुपमध्ये परत घ्या म्हणून नमिताला मेसेज, ॲडमिन तीच. तिने लगेच घेतलं. मला तेच जास्त लागलं.
प्लॅन: शनिवारी चिमट्याने मुळासकट उपटणे. एकोणीस आहेत, अर्ध्या तासाचं काम. अनंताला कळवून उगाच टेन्शन द्यायचं नाही, त्याची बिल्डिंग पडतेय.

८ मार्च, शनिवार
उपटल्या. सगळ्या. चिरडल्यासुद्धा, राग होता. टँक स्वच्छ. झकास.

१३ मार्च, गुरुवार
सत्तेचाळीस.
नमिता म्हणाली, चिरडायचं नसतं, प्रत्येक तुकड्याची नवीन होते. हे आधी सांगायला काय झालं होतं? ती म्हणाली, ग्रुपच्या पहिल्या पिन केलेल्या मेसेजमध्ये आहे.
संध्याकाळी इंजेक्शनच्या सिरिंजने लिंबाचा रस सोडला. हा उपाय खरा आहे, पण एका वेळी दोन-चार किडींपुरता. मी म्हटलं, एकदाच काय ते. आठ लिंबं. पाणी पन्ह्यासारखं झालं. दोन्ही क्लाऊनफिश कोपऱ्यात जाऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. दीप्तीने पोह्यांवर पिळायला लिंबू मागितलं, मी फ्रिज बघ म्हटलं. फ्रिजमध्ये नव्हतं हे मला माहीत होतं.

१४ मार्च, शुक्रवार
अनंताचे सहा हेड मिटलेले. लिंबाने नाही, थकव्याने असावेत.
आठ वाजता फोटोचा प्रश्न आला. पाणी अजून गढूळ. बारा फेब्रुवारीचे तेरा फोटो उरले होते, त्यातला एक पाठवला. हे खोटं नाही. कोरल तेच, टँक तोच. आमच्याकडे याला रेफरन्स सँपल म्हणतात. उद्यापासून रोज यातलाच एक, संपले की पुन्हा पहिल्यापासून.
उत्तर: झकास.

१५ मार्च, शनिवार
मोठी मूव्ह. नमिता म्हणाली, पेपरमिंट कोळंबी आणा, ती एप्टेशिया खाते. मालाडच्या दुकानात पेपरमिंट संपलेली. दुकानदार म्हणाला, ये लो, सेम टू सेम, दिखने में और अच्छा. खरंच छान. लाल अंग, पांढरे पट्टे, पाठीला डौलदार बाक. सहा घेतल्या. बादली? युद्धाच्या वेळी सैनिकांना कोणी पंधरा दिवस बादलीत ठेवतं का?

१८ मार्च, मंगळवार
कोळंब्या फार हुशार. सगळ्या सहा अनंताच्याच कोरलवर जाऊन बसल्या आहेत. राखण करतात. मी न सांगता.
हेड: एकोणतीस. बाकीचे विश्रांती घेत असावेत.

२३ मार्च, रविवार
हेड सतरा. कीड ऐंशीच्या आसपास, पुढे मोजली नाही.
कारणं शोधली. एक, उन्हाळा. दोन, सोसायटीने टाकी धुतली. कोळंब्या मात्र धष्टपुष्ट, निदान त्यांना तरी हवा मानवली.
दीप्तीने पोळी लाटता लाटता सांगितलं की आत्ता फोन कर आणि खरं सांग. त्याला काहीतरी सुचेल, त्याचं सहा वर्षांचं आहे. मी म्हटलं, मार्च एंडिंग आहे, लोक कामात असतात. ती म्हणाली, अनंता भाऊजी शाळेत शिकवतात, त्यांचं कसलं मार्च एंडिंग? मी म्हटलं, पेपर तपासणी.

३० मार्च, रविवार
हेड नऊ. अनंताचा व्हिडिओ कॉल. उचलला नाही. दोन मिनिटांनी मेसेज केला, नेटवर्क नाही. वायफायवरून केला.
मग त्याचा साधा फोन आला, तो घ्यावा लागला. घर बघतोय म्हणाला. काकूंना गोराईला करमत नाही. कोरलचं विचारलंच नाही. उलट मलाच म्हणाला की तुझ्याकडे ठेवलं म्हणून मी निवांत आहे यार, नाहीतर झोप लागली नसती.
फोन ठेवल्यावर बराच वेळ टँकसमोर बसलो. मला वाईट वाटलं. वाईट म्हणजे छातीत काहीतरी बसल्यासारखं. ॲसिडिटी असेल म्हणून गोळी घेतली. फरक नाही.

६ एप्रिल, रविवार
तोडगा सापडला! तसेच हेड दुसरीकडून आणायचे आणि दगडावर चिकटवायचे. मोजून अडतीस करायचे. अनंताला कळणारही नाही.
हिरवे-नारिंगी कुठेच मिळाले नाहीत. गुलाबी मिळाले. निळ्या लाइटखाली गुलाबी साधारण नारिंगीच दिसतो. कोरल फेव्हिक्विकसारख्याच गमने चिकटवतात, हे मला माहीत होतं. गम दगडाआधी बोटांना लागतो, हे माहीत नव्हतं. अंगठा आणि तर्जनी दगडाला. पाऊण तास टँकमध्ये कोपरापर्यंत हात. तेवढ्यात एप्टेशियाने मनगटाला डंख मारला. मी तिला कोळंबी भरवली होती, हे लक्षात घ्यावं.
दीप्तीने नेलपॉलिश रिमूव्हर आणला. दगड बाहेर काढून, माझ्या बोटांसकट, परातीत ठेवला. बोटं एकेक करून सोडवली, मग पोळ्यांसाठी दुसरी परात काढली.
गुलाबी हेड दुपारपर्यंत पाण्यावर तरंगत होते.

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. सोसायटीच्या गेटवर आमच्या मंडळाचं सरबत, सरबतावर मी. लिंबं पिळताना लक्ष लागेना. मंडळातल्या नंदामावशी दोनदा म्हणाल्या, प्रितम, साखर घाल रे, नुसता रस चाललाय.
मिरवणूक जाताना अनंताचा मेसेज. जयंतीच्या शुभेच्छा, आणि बोरिवलीत घर मिळालं. हॉलला टँकपुरती भिंत आहे. रविवारी आईला घेऊन येतो, कोरल न्यायला.
हेड पाच.

१९ एप्रिल, शनिवार
उद्याची तयारी. मुद्दे कागदावर काढले. १) यंदाचा उन्हाळा. २) सोसायटीची टाकी. ३) त्या दुकानाचा दगड (इथे दुकानदाराला जबाबदार धरणे). ४) मुळात कीड अनंताच्याच कोरलबरोबर आली नसेल कशावरून?
चौथा मुद्दा सगळ्यात दमदार आहे. आरशासमोर म्हणून बघितला. दीप्ती दारात उभी होती हे आरशात उशिरा दिसलं.
चौथा मुद्दा खोडला. मग पेन्सिलने परत लिहिला.

२० एप्रिल, रविवार
अकराला आले. काकूंनी बांगडा मासळीची पिशवी दीप्तीच्या हातात दिली आणि सरळ टँकसमोर जाऊन उभ्या राहिल्या. अनंता त्यांच्या मागे. मी लाइट मंद करून ठेवला होता. अनंताने वाढवला.
तीन हेड. मागे कीडच कीड, सगळी माझ्या दिशेने हात हलवत.
मी पहिला मुद्दा सुरू केला. काकूंनी हातानेच थांबवलं आणि काचेवर बोट ठेवलं. कोळंबी एक हेड दोन्ही नांग्यांनी धरून आरामात चिमटत होती. मी म्हटलं, काकू, राखण करतात. काकू म्हणाल्या, कोलंबी कधी राखण करते का रं? ती खाते. समोर खातेय, तुला दिसत नाय?
महिनाभर समोर होती. मला दिसलं नाही. म्हणजे मी बघितलंच नाही.
अनंताने हातातले मुद्दे मागितले. दिले. त्याने चारही वाचले. चौथा जरा जास्त वेळ वाचला. मग कागद घडी करून माझ्या खिशात ठेवला आणि म्हणाला की त्याला मार्चपासून माहीत होतं. रोजच्या फोटोत काचेत खुर्चीचं प्रतिबिंब दिसतं आणि खुर्चीवर तोच ओला नारिंगी टॉवेल. काकूंनीच पहिल्यांदा विचारलं होतं, ह्यांच्या घरात टॉवेल उचलत कोणी नाय का?
मी विचारलं, मग रोज झकास का लिहायचास?
तो म्हणाला, मला वाटायचं आज सांगशील. मग वाटायचं, उद्या सांगशील. कोरल मरतं रे प्रितम, माझीपण मेलीत. सांगायचं होतंस ना.
मी सॉरी म्हटलं. मग काकूंनाही म्हटलं.
मग अनंताने बाह्या दुमडल्या. दगडाचा तेवढा तुकडा तोडून, धुऊन, तीन हेड काचेच्या बरणीत ठेवले. दीप्तीचीच लोणच्याची, आधी तिने चारदा धुतली. बरणीत हवेची नळी सोडली. ह्या अवस्थेत प्रवास झेपणार नाही, म्हणून महिनाभर इथेच राहू दे म्हणाला. माझा चेहरा खुलला असावा, कारण त्याने लगेच पुढे सांगितलं: स्वयंपाकघरात, वहिनींकडे. पाणी वहिनी बदलतील. सहाही कोळंब्या तो पिशवीत घेऊन गेला, त्या दुकानदाराला परत देणार. काकू म्हणाल्या, कालवण करायला पण पुरत नाय.
जाताना काकूंनी माझ्या मनगटावरचा डंखाचा डाग बघितला आणि हळद लावायला सांगितली.

२१ एप्रिल, सोमवार. सकाळी ८
ओट्यावर जाऊन फोटो काढला. हात लावला नाही, लांबूनच. तीन हेड, एक अर्धं मिटलेलं. बरणीवर लोणच्याचं लेबल अजून आहे. जसं आहे तसं पाठवलं. खाली लिहिलं, आजचा आहे.
या वेळी चौदा नाही, एकच काढला होता.

दुपारी १२.४०
ऑफिसात सतरा वेळा फोन बघितला. वाचल्याच्या निळ्या खुणा आठ वाजून दोन मिनिटांनीच आल्या होत्या. झकास नाही, काहीच नाही.

दुपारी ४.१५
अनंताचं उत्तर आलं.
फोटो हललाय. उद्यापासून वहिनींना काढायला सांग.