आधी दारात थांब

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. तुझं पत्र परवा पोचलं. इकडे सगळं व्यवस्थित. फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, आणि भिंतीपलीकडून आई ऐकत असते.

आधी तुझ्या कोंबड्या. "काही मलूल आहेत, एक-दोन लंगडतात" एवढ्यावर मला रोग सांगता येत नाही. बँकेत असताना तू "काही रुपये जमा" असं लिहीत होतास का? त्यांचं वय, पिल्लं घेतली तिथे लस टोचली होती का, शिटेत रक्त दिसतं का, खालचा भुसा मुठीत दाबला तर ओला लागतो का, हे कळव. कुणाची मान वळत असेल तर मात्र पत्राची वाट बघू नकोस. ती मानमोडी असू शकते, थेट जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात जा. खाद्याच्या दुकानदारानं दिलेली पुडी पाण्यात कालवू नकोस. त्याला खाद्यातलं कळतं, आतड्यातलं नाही.

बघायचं कसं, तेही सांगते. शेडमध्ये धाडकन शिरू नकोस. आधी दारात थांब, आवाज न करता, त्या तुला विसरेपर्यंत. कोंबडी आजार लपवते. कळपात जी आजारी दिसते तिला बाकीच्या टोचतात, म्हणून कुणी आलं की ती मान वर करून उभी राहते, दाणे टिपल्यासारखं करते. तू आत गेलास की तुला सगळ्या बऱ्याच दिसतील. खरं काय ते दारातून दिसतं.

एक नुकतीच मेलेली आणि एक जिवंत आजारी, अशा दोन आमच्या प्रयोगशाळेत पाठव. जिवंत परत मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आई म्हणाली, "लिही त्याला, आई बरी आहे." म्हणून लिहिते. पुढे असंही म्हणाली, "एक कोंबड्या पाळतो, एक कोंबड्या चिरते. शिकवून शिकवून मी खुराडं भरलं!" आणि हसली. तू नोकरी सोडून गेल्यापासून तुझा विषय निघाल्यावर ती पहिल्यांदाच हसली, म्हणून कळवते.

धाकटी


१७ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. तुझ्या दोन्ही कोंबड्या तपासल्या. सोबत अहवाल आहे, पण त्याची भाषा तुला रुचणार नाही, म्हणून इथे सरळ लिहिते.

मेलेलीला रक्ती हगवण होती. आतड्याच्या शेवटाकडे दोन बंद पिशव्या असतात, त्या रक्तानं तुडुंब होत्या. आतलं अस्तर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर जिकडेतिकडे परजीवी. याला औषध आहे. सोबतच्या औषधाच्या चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच पाण्यातून द्यायचं, शेडमध्ये दुसरं पाणी ठेवायचं नाही, एकही दिवस चुकवायचा नाही. ओला भुसा काढून कोरडा पसर. गळकी भांडी बदल, रोग त्या ओलीत वाढतो.

जिवंत आलेली, एक पाय पुढे आणि एक मागे टाकून बसणारी, तिचं वेगळं आहे. मांडीच्या मांसाखालची मोठी नस निरोगी असली की पांढरी, चमकदार दिसते. तिची एका बाजूची दुप्पट जाड आणि मळकट झाली होती. हा मरेक्स, विषाणूचा रोग. याची लस पिल्लू अंड्यातून निघतं त्याच दिवशी द्यावी लागते आणि तुझ्या पिल्लांना कुणी ती दिलेली नाही. औषध नाही. जी लंगडायला लागली ती बरी होणार नाही. नियम असा की तिला संपवावं.

आणखी एक. प्रत्येक कोंबडी उचलून छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरव. नुसतं बघून वजन कळत नाही, पिसं सगळं झाकतात. हाड सुरीसारखं हाताला लागलं, तर ती पुष्कळ दिवसांपासून आजारी आहे आणि आपण रोज तिच्याकडे बघत होतो.

आई हल्ली थंडी नसतानाही स्वेटर घालते. परवा न्हाणीघरात तिचा तोल गेला, तेव्हा मी तिला पाठीमागून धरलं. आपल्या घरात कुणी कुणाला जवळ घेत नाही. माझा हात तिच्या पाठीला याआधी कधी लागला होता, मला आठवेना.

एकदा येऊन जा. कारण विचारू नकोस. कोंबड्यांबद्दल बोलायला आलो म्हण.

धाकटी


२६ मार्च

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. आई गेल्यावर तू मला काही लिहिशील असं वाटलं नव्हतं. "लंगडी अजून जिवंत आहे. काय करू?" एवढंच लिहिलं आहेस. त्याचं उत्तर शेवटी देते. आईला निरोप देऊन परतल्यावर तू सगळ्यांसमोर मला जे विचारलंस, ते आधी. "तू डॉक्टर ना? मग एका शब्दानं का नाही सांगितलंस?"

आईच्या पोटात गाठ होती. मी तिला धरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला तपासायला नेलं. तोवर गाठ यकृतात पसरली होती. औषध दिलं ते फक्त वेदनेवरचं. आईनं माझ्याकडून कबूल करून घेतलं. म्हणाली, "त्याला कळवायचं नाही. रुसून गेलेला मुलगा आईकडे यायला हवा, आजाऱ्याकडे नको." तरी मी तुला लिहिलं. जेवढं लिहिता आलं तेवढं.

त्या पत्रानंतर तू आलास आणि फाटकातूनच ओरडलास, "आई, आहेस का गं?" मी तिच्या खोलीत होते. ती भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन पडलेली होती. तुझा आवाज ऐकला आणि उठली. पलंगाची कड, मग खुर्ची, मग भिंत. स्वेटर चढवला, केस सारखे केले, रंग यावा म्हणून गालांना चिमटे काढले. तुला दार उघडलं तेव्हा ती ताठ उभी होती. "आला का खुराड्याचा मालक! पाय पूस आधी."

जेवताना ती तुझ्या ताटात वाढत राहिली आणि स्वतःच्या ताटात नुसता चमचा फिरवत राहिली. तू तुझ्याकडे उरलेल्या दुसऱ्या लंगडीची गोष्ट काढलीस. बाकीच्या टोचतात म्हणून तिला स्वयंपाकघराच्या पायरीशी ठेवलंयस आणि हातानं भरवतोस. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू म्हणालास, "तुझा नियम माहीत आहे मला." आई म्हणाली, "लहानपणी एकेका घासाला मला मागे पळायला लावायचास. आता कोंबडीला भरव!" इतकी हसली की तिला कूस दाबून धरावी लागली. तुला वाटलं, हसून हसून दुखलं.

सकाळी फाटकाशी तू मला म्हणालास, "तुला सगळीकडे रोगच दिसतो. ठणठणीत आहे ती. आणि कोंबड्यांचं औषध चुकवू नकोस असं तूच लिहिलंयस, मला गेलं पाहिजे."

मीच लिहिलं होतं.

तुझ्या मागे, खिडकीत, आई चौकट दोन्ही हातांनी धरून उभी होती. तू वळून हात केलास. तिनंही केला. त्यासाठी तिला चौकट सोडावी लागली. मी तेव्हा बोलले असते तर तू मागे फिरला असतास, आणि तिनं रात्रभर आणि सकाळभर उभं राहून जे मिळवलं होतं ते तिच्या डोळ्यांदेखत गेलं असतं. म्हणून बोलले नाही. बरोबर केलं का, मला अजून ठरवता येत नाही. तुला राग धरायचा तर धर.

तू दिसेनासा झाल्यावर ती खिडकीखालीच बसली. म्हणाली, "अंगानं जरा भरलाय, नाही गं?" त्यानंतर ती फारशी उठली नाही.

आता लंगडी. नियम मी तुला आधीच लिहिला आहे. रोग तिच्या पिसांच्या कोंड्यातून पसरतो, हे खरं. पण तो तुझ्या शेडच्या धुळीत केव्हाच मुरला आहे आणि ती वेगळी राहते. तेव्हा राहू दे. कोरड्यावर ठेव, पाणी चोचीला पोचेल असं ठेव, अधूनमधून कूस बदलून दे. शेडचं काम आधी उरक, तिच्याकडे सगळ्यात शेवटी जा. तिनं खाणं सोडलं की मला कळव. मी येईन. तिला दुखणार नाही असं करता येतं, आणि ते तुला एकट्याला करावं लागू नये.

आले की मी फाटकातून हाक मारणार नाही. जरा वेळ दारात थांबेन. तुझं लक्ष गेलं तरी, दादा, मला बघून उठून उभा राहू नकोस. मी तुझ्या शेजारी येऊन बसेन. मलाही आता उभं राहवत नाही.

तुझी
धाकटी