आमचा सर्व्हर वाट पाहतो

वडनेर भोलजी,
ऐन कापसाचा हंगाम

चि. आल्हाद यास,

सुधाकरमामाचे अनेक आशीर्वाद (सोबत थोडा रागही आहे, त्यासाठी वेगळं पाकीट केलेलं नाही). तुझं जेवण आणि झोप वेळेवर होत असेल असं धरून चालतो. इकडे मी ठीक, तुझी रेवतीमामी कंबर सोडून ठीक. तुझ्या आईच्या, म्हणजे आमच्याकडे राहणाऱ्या शैलजाताईच्या, डोळ्यांतला मोतीबिंदू पुरता पिकला आहे आणि ऑपरेशन आता लांबवू नका असं बुलढाण्याच्या डॉक्टरांनी बजावलं आहे. ताई म्हणते, आल्हाद येतो म्हणाला आहे, तो आला की करू. पण तो विषय मी या पत्रात काढणार नाही, कारण हे पत्र सर्व्हरबद्दल आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू 'मामा, एक मिनिट, आलोच' म्हणून जातोस आणि मी फोन कानाला लावून बसून राहतो. कागद असा मध्येच उठून जात नाही.

तर आमच्या जिनिंगचा सर्व्हर. तू कॉलेजात असताना त्याचा प्रोग्रॅम लिहून दिलास, त्यानंतर त्याला सांभाळलं मी. गेटवर एक कॉम्प्युटर, वजनकाट्यावर एक, कापसाची प्रत ठरवतात त्या टेबलावर एक, आणि हे तिघं जे काही विचारतील त्याला उत्तर द्यायला माझ्या खोलीत सर्व्हर. इतकी वर्षं त्याने कधी तक्रार केली नाही. या हंगामात मात्र तो मधूनच गप्प बसायला लागला. बिघडत नाही, बंद पडत नाही. दिवे लुकलुकतात, पंखा फिरतो, पण विचारलेल्याचं उत्तर म्हणून देत नाही, घरातलं माणूस रुसल्यावर भांडी घासत राहतं पण बोलत नाही तसं. मग प्रतवारी थांबते, गेट थांबतं आणि कापसाच्या गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत जाते. बरं, दुपारी आम्ही वैतागून जेवायला जावं आणि परत येऊन पाहावं तर स्वारी आपली आपण बोलायला लागलेली.

आमचे मालक रंगराव यांना तू ओळखतोस. ते खोलीत येऊन म्हणाले, "सुधाकरराव, हे डबडं काऊन मुकं होऊन राह्यलं? अजून एकडाव असं झालं त याले भंगारात टाकतो अन् तुमाले घरी बसवतो." यातली पहिली शिक्षा मला जास्त लागली. मी कामाला लागलो. सर्व्हरच्या पंख्यात अडकलेली रुई काढली (एक लहान उशी भरली असती). वायर उंदराने कुरतडली असेल म्हणून पिंजरा लावला, त्यात रंगरावांची मांजर सापडली. खामगावहून एक तज्ज्ञ आला, त्याने सर्व्हरकडे न पाहता व्हायरस आहे असं सांगितलं आणि चहा पिऊन गेला. (चहावरून आठवलं, ताईने काल माझ्या चहात मीठ घातलं. हे आपलं सहज सांगितलं.)

त्यानंतर तुला फोन केला, तर तू म्हणालास रिस्टार्ट करा. केलं. तेव्हा काट्यावर शेतकरी किसनरावांची गाडी होती. भरलेली गाडी तोलायची, कापूस खाली करायचा, मग रिकामी गाडी पुन्हा तोलायची, ही आमची पद्धत तुला माहीत आहे. भरलेल्या गाडीचं वजन झालेलं, कापूस मोठ्या गंजीत मिसळलेला, आणि तुझ्या रिस्टार्टने ती अर्धी नोंद साफ पुसून टाकली. किसनराव शांत माणूस आहे. तो माझ्या खुर्चीवर येऊन बसला आणि म्हणाला, "आता माहा कापूस वेचून वेगळा करा अन् गाडीत भरून द्या, मी बसलो इथंसा." संध्याकाळपर्यंत मी माझ्याच खोलीत उभा होतो. शेवटी गाडीवाल्याने, हमालाने आणि रंगरावांनी मिळून एक आकडा ठरवला तेव्हा ती खुर्ची सुटली. म्हणून सांगतो, रिस्टार्ट हा उपाय ज्याने शोधला त्याने कधी किसनरावांना पाहिलेलं नाही.

शेवटी मी सगळ्या तज्ज्ञांना सोडलं आणि काट्याजवळ बाकावर जाऊन बसलो. काट्यावर आमचा जानराव असतो. त्याने एक भरलेली गाडी तोलली, नोंद उघडली, गाडी कापूस खाली करायला गेली. तेवढ्यात चहाची हाक आली. जानराव उठला, काट्याला हात जोडले, "येतो" म्हणाला आणि भिंतीवरचं बटन खटकन बंद करून चालता झाला. नोंद तशीच उघडी, कॉम्प्युटर मात्र जागच्या जागी गतप्राण. गेल्या उन्हाळ्यात रुईच्या गंजीला ठिणगी लागली होती, तेव्हापासून रंगरावांचा हुकूम आहे की खोलीतून उठताना वीज तोडूनच उठायचं. हा हुकूम पाळणारा जिनिंगमध्ये एकटा जानराव आहे (हुकूम काढणारे रंगरावसुद्धा पाळत नाहीत). इकडे सर्व्हरला कोणी काही सांगितलेलंच नाही. त्याच्या हिशेबी जानराव अजून समोर बसलेला आहे, जरा बोलत नाही इतकंच. म्हणून तो ती नोंद राखून ठेवतो, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. मग प्रतवारीवाला तीच नोंद मागतो, तो खोळंबतो, त्याच्या मागे गेट खोळंबतं. आम्ही जेवून येईपर्यंत सर्व्हरची आशा सुटते आणि तो पुन्हा बोलायला लागतो.

मी जानरावाला म्हटलं, बाबा रे, बटन दाबण्याआधी पडद्यावर 'बाहेर पडा' आहे ते दाबत जा, म्हणजे सर्व्हरला कळेल. त्याने मला ते दाबून दाखवलं. तिथे तू कॉलेजच्या वयात लिहून ठेवलेलं आहे, 'तुम्हाला खरंच जायचं आहे का?' आणि खाली 'हो' किंवा 'नाही'. जानराव म्हणाला, "भाऊ, भर हंगामात काट्याम्होरं बसून 'हो, मले जायचं हाये' असं मी कसं म्हनू? घरून निंगतानीबी आपन येतोच म्हनतो न." म्हणून तो रोज इमानदारीने 'नाही' दाबत होता आणि मग वीज तोडत होता.  यावर तुला उत्तर सुचत असेल तर लिही, पण जानरावाच्या तोंडावर सांगायची तयारी ठेव.

हे तुला फोनवर सांगितलं तर तू हसलास आणि म्हणालास, सोपं आहे मामा, टाइमआउट घाला. पाच मिनिटं कोणी बोललं नाही की त्याला गेला समजायचं आणि नाव काढून टाकायचं. आल्हाद, हे मी करणार नाही. हा सर्व्हर बिघडलेला नाही, त्याला वळण आहे. येतो म्हणून गेलेल्याचं ताट तो झाकून ठेवतो. हा जर बिघाड असेल तर मग अख्खं वऱ्हाड भंगारात काढावं लागेल. तुमच्याकडे पुण्यात पाच मिनिटांत माणूस वजा करत असतील, आम्हाला ते जमत नाही आणि जमवायचंही नाही. रंगरावांनी मला घरी बसवलं तर बसेन, सर्व्हर मांडीवर घेऊन बसेन. तो निदान माझी वाट तरी पाहील.

रेवतीमामीचे आशीर्वाद. ताईचेही आहेत, ती स्वतः दोन ओळी लिहिणार होती, पण पेन कागदाबाहेर टेबलावर चालायला लागलं तेव्हा मी काढून घेतलं.

तुझा,
सुधाकरमामा

ता. क. टाइमआउट घातला. रंगराव पाठीमागे उभे होते आणि किसनराव दुसरी गाडी घेऊन दारात. त्यानंतर सर्व्हर एकदाही गप्प बसलेला नाही. ही गोष्ट तुझ्या ऑफिसात सांगत बसू नकोस.

ता. क. दुसरा. तो 'खरंच जायचं आहे का' हा प्रश्न काढून तिथे नुसतं 'येतो' असं बटन करून पाठव. जानराव ते आनंदाने दाबेल. त्याने आणि माझ्या माणसांनी कितीही वेळा येतो म्हटलं तरी सर्व्हरला त्याचा खरा अर्थ कळला पाहिजे, एवढी व्यवस्था कर.

ता. क. तिसरा. तो विषय काढणार नाही म्हणालो होतो, तो आता काढतो, कारण हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. गेल्या वर्षी तू रिक्षात बसताना 'येतो गं' म्हणालास. ताईने ते धरून ठेवलं आहे. ऑपरेशनची तारीख तिने परत पुढे ढकलली, आणि काल जानराव घरी किल्ली द्यायला आला तर दारात त्याचा हात धरून म्हणाली, "आल्हाद, किती वाळलास रे." जानरावाने हात सोडवून घेतला नाही. घरी परत जाताना तो डोळे पुसत होता, असं रेवतीमामी सांगते. ताईला टाइमआउट कुठे घालायचा ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी रंगराव पाठीमागे उभे राहिले तरी मी तो घातला नसता. तेव्हा तू ये. येणं होत नसेल तर तसं स्वच्छ लिहून कळव, म्हणजे मी तिला घेऊन बुलढाण्याला जातो. तुझं उत्तर तिला मीच वाचून दाखवणार, तिला आता अक्षर लागत नाही. त्यात तू काहीही लिहिलंस तरी मी 'येतो' असंच वाचीन, हे तुला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. मला खोटं वाचायला लावू नकोस.