साहेबांचं स्मित

४ मार्च
पुतळा समितीचे अध्यक्ष पुन्हा आले. पुतळा दवाखाना बांधणाऱ्या दिवंगत साहेबांचा, सूचना मात्र अध्यक्षांच्या. "चेहऱ्यावर जरा स्मित हवं. लोकांचे कैवारी होते ते!"
मामा म्हणाले, "कैवारी काय दात काढत फिरतात?"
अध्यक्ष हसले — नमुना दाखवत असावेत.
मामांनी घडवलेले ब्राँझचे थोर पुरुष किती चौकांत उभे आहेत. एकही हसत नाही. मी त्यांच्या बहिणीचा मुलगा. शाळा अर्ध्यावर सोडली, आता इथे मेणाचे चेहरे घासतो.

६ मार्च
मामा जेवायला गेले आणि अध्यक्ष हजर! दबा धरूनच बसले होते जणू. "भाचेबुवा, तेवढं स्मित कराच. नाहीतर काम दुसऱ्याकडे जाईल." माझी पाचावर धारण बसली. सुरी तापवली, मेणाच्या ओठांचे कोपरे वर उचलले. साहेब आता दंतमंजनाच्या जाहिरातीत शोभतील.

७ मार्च
मामांनी पाहिलं. "कोणी केलं हे? उंदरांनी?"
मी सुरी पाठीमागे लपवली.
"अरे, साचा तापवला की मेण वाहून जातं. त्या जागी धातू बसतो. मग हेच थोबाड शंभर वर्षं चौकात खिदळणार — माझ्या नावावर!"
परवा साहेबांच्या पत्नी बघायला येणार. त्या हो म्हणाल्या तरच ओतकाम. "नाही म्हणाल्या, तर तू तुझ्या आईकडे परत."
आईला केवढा आनंद होईल!

८ मार्च
स्मित काढायला बसलो. चढवणं सोपं होतं! सुरी खोल गेली, ओठ खाली ओढले गेले. भुवयांमधली रेघ बुजवायला गेलो, ती आणखी खोल झाली. साहेब आता असे बघतात, जणू समोरच्याचं काहीतरी चुकलंय. चुकलंय खरंच.
मामा मागे येऊन उभे राहिले. मी शिव्यांची वाट बघत होतो.
"आता हात लावू नकोस." एवढंच! शिव्या परवडल्या असत्या.

९ मार्च
बाई आल्या. सोबत अध्यक्ष — ते कुठे नसतात? "अरेरे! वहिनी, हे साहेब नव्हेतच. स्मित कुठे गेलं?"
बाई मेणाच्या चेहऱ्यासमोर आल्या आणि एक पाऊल मागे सरकल्या.
"स्मित बाहेरच्यांसाठी होतं, भाऊजी."
मग मामांना म्हणाल्या, "माझ्याकडे असेच बघायचे. ओता."