न मोडलेली काडी

मी, वय वर्षे अडुसष्ट, महाविद्यालयाच्या महिला बास्केटबॉल संघाची एकतीस वर्षे प्रशिक्षक, गुडघे सोडून बाकी सर्व शाबूत व डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता (आयुष्यात एकदा आले, तेवढे पुरे) हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते.

१. राहते घर, दोन खोल्या व गच्ची, माझ्या धाकट्या बहिणीस. तिच्या यजमानांनी तिथे पाऊल ठेवू नये.

२. मुलांच्या संघाला संध्याकाळ आणि आम्हाला पहाटे साडेपाच, अशी सभागृहाची वाटणी करणाऱ्या माजी प्राचार्यांस माझे गजराचे घड्याळ. ते साडेचारला वाजते व लवकर बंद होत नाही.

३. बहिणीचे यजमान, म्हणजे माझे मेहुणे, माझे सहायक होते. टाइमआउट किती उरले हे कळावे म्हणून त्यांच्या खिशात आगपेटीतल्या काड्या असत. एक टाइमआउट घेतला की एक काडी मोडायची, ही आमची पद्धत. अंतिम सामन्यात अकरा सेकंद बाकी होते, आम्ही एका गुणाने पुढे होतो. मेहुण्यांनी अख्खी काडी काढून दाखवली. मी ओरडले. कर्णधार मुलीने टाइमआउट मागितला. तो शिल्लकच नव्हता. दंड म्हणून समोरच्यांना फ्री थ्रो मिळाले, वर चेंडूही, आणि आम्ही हरलो. आधीच्या टाइमआउटला मेहुणे पत्रकाराशी गप्पा मारत होते व काडी मोडायची राहिली होती.

चौकशीत ते म्हणाले की मुलीने आपल्या मनानेच मागितला. आदल्या दिवशी बहीण माझ्यापुढे रडली होती. "ताई, यांची नोकरी गेली तर आम्ही कुठं जायचं? ती पोरगी काय, चार दिवसांत विसरेल." मी गप्प बसले. मुलीला संघातून काढले, तिला कोणी काही विचारलेसुद्धा नाही. तिने पुन्हा चेंडू हातात धरला नाही. मेहुणे क्रीडा विभागप्रमुख झाले, आता सभागृहालाही त्यांचेच नाव आहे.

४. ती काडी मी त्या दिवशी बाकाखालून उचलली होती. ती मेहुण्यांस. माझ्या डावपेचांच्या एकोणीस वह्यांवर त्यांचा केव्हापासून डोळा आहे, त्याही त्यांनाच. अट एवढीच, की त्यांच्या नावाच्या सभागृहात, आजी-माजी खेळाडूंसमोर, कलम तीन त्यांनी स्वतः मोठ्याने वाचावे. मध्येच खोकला आल्यास पुन्हा पहिल्यापासून. नकार दिल्यास वह्या तो सामना जिंकलेल्या महाविद्यालयास द्याव्यात व कलम तीन माझ्या बहिणीने वाचावे.

५. पहिल्या मसुद्यात त्या मुलीला मी घरासकट सगळे देऊ केले होते. आज दुपारी ती आली, उभ्यानेच मसुदा वाचला आणि काही नको म्हणाली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. मग मला साक्षीदार करा, असे तीच म्हणाली.

पेन उघडून ती पुन्हा कलम तीनवर थांबली. तिथे तिने टाइमआउट मागितला एवढेच लिहिले होते. "मॅडम, मी कुणाचं ऐकून मागितला, ते राहिलंय," ती म्हणाली. मी "मी ओरडले" हे दोन शब्द त्या जागी घातले व शेजारी सही केली. मग तिने केली.

सही: प्रशिक्षक
साक्षीदार १: माझ्या वकीलबाई
साक्षीदार २: त्या संघाची कर्णधार

स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: ९ मार्च, सामन्याला आज बावीस वर्षे झाली