गुडघ्याचा कागद

बफेलो, १८ फेब्रुवारी १९८२

ती. काझमामांस,
रोमनचा सा. न. वि. वि.

तुम्ही पडलात फ्लोरिडाच्या उन्हात. आपल्या हार्बरमेन संघाची अर्धी दुर्दशा वर्तमानपत्रातून कळत असेल, उरलेली अर्धी ऐका. मालकांनी जावयालाच मॅनेजर केलंय. हा ग्रँट काल-परवापर्यंत सासऱ्याच्या दुकानात सोफे विकायचा. नाताळपासून तिसरा कोच आला. त्याचं नाव दारावर लिहायला आलेल्या रंगाऱ्याने विचारलं म्हणे, की खडूनेच लिहू का?

बास्केटबॉलचं अजिंक्यपद तीनदा मिळवलेला संघ आज तळाशी आहे, आणि ग्रँटला तळच हवाय. हंगाम संपला की नव्या खेळाडूंच्या निवडीसाठी तळाच्या दोन संघांत नाणेफेक होते. जिंकेल त्याला कॉलेजातला तो सात फुटी मुलगा आधी उचलता येतो. अडचण एकच, रुफस टिलरी. चौतीस वर्षांचा झाला, तरी हा बाबा मधूनच एखादा सामना जिंकून देतो. म्हणून सोमवारी ग्रँटने मला बोलावून सांगितलं, की रुफसचा उजवा गुडघा दुखतोय असं लिही, म्हणजे त्याला बाहेर बसवता येईल.

माझ्या जागी असताना रीत तुम्हीच घातलेली. दुखणी सांभाळणाऱ्या ट्रेनरने रोज सकाळी प्रत्येक खेळाडूची प्रकृती कागदावर लिहून खोलीच्या दाराला लावायची आणि त्यावर कोचनेही बोलायचं नाही. मी लिहिलं. रुफसने वाचलं, गुडघा दोनदा वाकवून पाहिला आणि म्हणाला, की बरं झालं सांगितलंस, मला पत्ताच नव्हता. सगळे हसले. मला मात्र तेव्हापासून एका जागी बसवत नाही.

मामींना नमस्कार. राग आला तरी उत्तर टाळू नये.

आपला,
रोमन

टॅम्पा, २५ फेब्रुवारी

चि. रोमन यास,
मामाचे अ. उ. आ.

आला राग. एकतीस वर्षं मी तो कागद लावला. एकदा अंतिम सामन्याच्या सकाळी कोच रडकुंडीला आला होता, तरी मी आमच्या हुकमी खेळाडूच्या, स्टॅनच्या, नावापुढचं ‘खेळणार नाही’ खोडलं नाही. हरलो, आणि गावाने वर्षभर मला शिव्या घातल्या. म्हणून त्या कागदाला किंमत होती.

आणि गाढवा, तो कागद दारापुरता थोडाच राहतो? त्याची प्रत लीगकडे जाते, तिथून सगळे संघ वाचतात. रुफसचा करार या उन्हाळ्यात संपतोय ना? वय चौतीस, त्यात दुखरा गुडघा. कोण दारात उभं करील त्याला? उद्याच काढ तो कागद. मामी पाठीमागे उभी राहून वाचतेय, म्हणते फार कडक लिहिताय. म्हणून थांबतो.

सूनबाई मार्गीला या दिवसांत जपावे. तिला काही खावंसं वाटलं तर लाजू नये म्हणावं.

तुझा मामा,
काझिमिर

बफेलो, २१ मे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

कागद काढला नाही. रोज सकाळी आज काढीन म्हणायचो आणि रोज तोच मजकूर उतरवायचो. नऊ आठवडे. मार्गीला सातवा महिना होता, नोकरी गेली तर काय, एवढंच डोक्यात होतं. भ्यालो, मामा.

काल नाणेफेक झाली. ग्रँटने छापा मागितला, काटा पडला. मुलगा गेला दुसरीकडे. तेलही गेलं, तूपही गेलं. आता मालक संघ विकायचं बोलताहेत.

रुफसची दोन संघांनी चौकशी केली होती. दोघांनीही गुडघ्याचं वाचलं आणि गप्प झाले. तो परवा घरी आला, बाळासाठी टोपी घेऊन. ओरडला नाही. फक्त म्हणाला, की तू खरं लिहून दे, बाकी मी बघतो. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ग्रँट म्हणतो, तू असं लिहिलंस तर आपण मुद्दाम हरलो हे जगजाहीर होईल, आणि तुला पुन्हा कुणी उभं करणार नाही. आई म्हणते, गप्प बैस. मी काय करू?

रोमन

टॅम्पा, २७ मे

चि. रोमन यास, अ. उ. आ.

तुझी आई माझी धाकटी बहीण. तिचं मी साठ वर्षांत कधी ऐकलेलं नाही, तू मात्र माझंही ऐकलं नाहीस. काय करायचं ते तुला ठाऊक आहे, म्हणून तर विचारतोयस. मुलगा झाला की मुलगी, ते तारेने कळवावे.

काझिमिर

बफेलो, १८ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मुलगी झाल्याची तार मिळाली असेलच. आता दुसरी बातमी. दोन्ही संघांना सही करून लिहिलं, की गुडघा धडधाकट होता आणि मी खोटं लिहिलं. त्याच दिवशी ग्रँटने किल्ल्या काढून घेतल्या. एका संघाचं उत्तरच आलं नाही. दुसऱ्याने कळवलं, की टिलरीने येऊन नव्या पोरांबरोबर चाचणी द्यावी.

रुफस एकटा जाणार होता, मीच गाडी काढली. चौदा वर्षं खेळलेला माणूस विशीतल्या पोरांच्या रांगेत पाठीवर नंबर चिकटवून उभा राहिला. दोन तास धावला, मामा. घेतलं त्याला, एका वर्षासाठी! मी आनंदाने ओरडलोच.

मग त्यांच्या ट्रेनरने रुफसला तपासायला टेबलावर घेतलं. तुमच्याएवढाच म्हातारा असेल. मी नऊ आठवड्यांच्या तपासणीच्या खऱ्या नोंदी पाकिटात घालून बरोबर नेल्या होत्या, त्या पुढे केल्या. त्याने पाकीट उघडलंदेखील नाही. अगदी नम्रपणे परत दिलं आणि म्हणाला, की गैरसमज नको, पण हा गुडघा मी माझ्या हाताने बघतो.

लोभ आहेच, तो असू द्यावा; रागही इतक्यात सोडू नये.

आपला भाचा,
रोमन