काचेच्या गोठ्यातली मरिया

३ नोव्हेंबर

सकाळी पुन्हा ओकारी. मॉलच्या मागच्या संडासात, नळ सोडून — आवाज जाऊ नये म्हणून. बाहेर तीच नाताळची गाणी. सप्टेंबरपासून चालू आहेत, आता डोक्यात घण घालतात!

चौथा महिना. पोटाला पट्टा आवळून खेळण्यांच्या विभागात दहा तास उभी. कळलं तर जानेवारीत करार पुढे चालू होणार नाही. गेल्या वर्षी नीताची नोकरी अशीच गेली. बाळाचा बाप आर्नेल जहाजावर, फोन उचलत नाही. आईला काय सांगू?

२८ नोव्हेंबर

बर्ना मॅडमनी बोलावलं. आमच्या मजल्याच्या मुख्य. मेले, वाटलं!

"पोरी, खालच्या चौकात येशूजन्माचा गोठा मांडतायत. जिवंत माणसांचा. तू मरिया."

"मॅडम, मी नको. दुसरी कुणी —"

"विचारत नाहीये. सांगतेय. उघडल्यापासून बंद होईपर्यंत. पोटाला उशी बांध, बाळ चोवीसलाच यायचं."

संपलं! आता सगळ्या इलोइलो शहरासमोर पोट घेऊन बसायचं.

२ डिसेंबर

उशी बांधली नाही. गरजच कुठे आहे.

योसेफ म्हणजे पार्किंगचा पहारेकरी दोदोंग. म्हणतो, "उशी झकास बसलीय हं, अगदी खऱ्यासारखी!" हसले. घाम फुटला.

तिन्ही बाजूंनी काच. डोक्यावर दूध-पावडरची जाहिरात. बोलायचं नाही, हलायचं नाही, हसायचं थोडंसं.

९ डिसेंबर

तेच.

१६ डिसेंबर

आई पहाटे साडेतीनला उठली. आजपासून नाताळपर्यंत चर्चमध्ये नऊ पहाटेच्या मिस्सा, प्रार्थना. मी पांघरूण ओढलं. चर्चमध्ये गुडघे टेकायचे आणि हे पोट?

"दिवसभर मरिया होऊन बसतेस, आणि देवळाची पायरी जड झाली?"

"आई, नाताळ आता मॉलचाच. चर्चमध्ये चार म्हाताऱ्या, आमच्याकडे हजार माणसं."

आई दारात थांबली. "बारशाला गाव लोटलं, पाळण्यात कुणी डोकावलं नाही — तसं झालंय तुमचं."

गेली. येताना केळीच्या पानात गरम बिबिंका, तांदळाचा केक, आणली. माझ्यासाठी.

२० डिसेंबर

आज एक आजी आल्या. हातात सेलची पिशवी, पायात रबरी चपला. सगळे फोटो काढत होते, त्या दोरी ओलांडून सरळ आत. गुडघे टेकले. माझ्या पायांवर हात ठेवला.

"आई, माझा मुलगा रोदेल तीन वर्षं आला नाही. त्याला आण गं."

मला म्हणत होत्या! दोदोंग पुटपुटला, "आजी, उठा, ही खेळण्यांच्या दुकानातली पोरगी आहे." त्यांनी ऐकलंच नाही. डोळे माझ्याकडे. आणि मी कोण? खोटं बोलून बसलेली, नवरा नसलेली.

"येईल," म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

आजी रडल्या. मीही. बर्ना मॅडम वरून बघत होत्या. नियम मोडला. आता हाकलणार.

२४ डिसेंबर

दुपारी मांडीवर प्लास्टिकचं बाळ दिलं. टाळ्या. अजून हाकललेलं नाही. तेच जास्त वाईट.

२७ डिसेंबर

मॅडमनी नवा करार पुढे सरकवला. सही केली.

"नोव्हेंबरातच कळलं होतं मला," त्या म्हणाल्या. "दुकानातल्या मुलींना बसायला देत नाहीत. ह्या मॉलमध्ये बसायची एकच जागा होती माझ्या हातात."