आधी पाणी, मग नाव

१२ नोव्हेंबर
पोचले बाई एकदाची! वर्ध्याहून निघताना पिशवीत जवसाची चटणी, ज्वारीचं पीठ आणि ही वही. उतरले तर फलाटावर लेक समता उभी आणि नात लुंबिनी थेट गळ्यात. सहा वर्षांची झाली, पण बोलते अर्धं मराठी, अर्धं हिंदी. मला वर-खाली बघून म्हणाली, आजी, तू तो बिल्कुल छोटी आहेस! घ्या, म्हणजे उंची मोजायला बोलावलं मला.

इथली, दिल्लीकडची हवा इतकी खराब की शाळांना सुट्टी दिलीय, आणि पोरगी सारखी खोकते. समता मेट्रोने दिल्लीच्या ऑफिसात जाते, जावई समाधान कंपनीच्या बसने मानेसरला. मग पोरीजवळ कोण? म्हणून आजीला बोलावणं. मला तर दुधात साखर.

घर चांगलं उंचावर आहे. दाराजवळ भिंतीवर पांढरा फोन आहे. समताने शिकवलं, खाली गेटवर कोणी आलं की गार्ड विचारतो, भेज दूँ? आपण म्हणायचं, हां, भेज दो. माझ्या हिंदीला एवढं झेपतं.

१३ नोव्हेंबर
आज दुपारी तो फोन वाजला. माताजी, आए हैं, भेज दूँ? हवेच्या मशीनचा मेकॅनिक यायचा होता, समाधान सकाळीच सांगून गेलेला. म्हटलं तोच. हां, भेज दो.

माझ्या आईला लहानपणी विहिरीवर आधी विचारत, कोणाची गं तू? आणि नाव ऐकून हाकलत. तिने तेव्हाच ठरवलं, आपल्या दारी येईल त्याला आधी पाणी, मग नाव. मीही तेच पाळत आले. दार उघडलं, स्टुलावर पाण्याचा ग्लास ठेवला. लिफ्ट आली, उघडली. आत कोणी नाही. चुकून दुसऱ्या मजल्यावर उतरला असेल बिचारा.

पोळ्या करून आले तर ग्लास रिकामा. लुंबिनी प्यायली असेल.

१४ नोव्हेंबर
पुन्हा फोन. तोच प्रश्न, तीच गोड बोली. आज इस्त्रीवाल्याचा दिवस, म्हणून हां म्हटलं. लिफ्ट पुन्हा रिकामी. ग्लासही रिकामा, तळाशी राखेसारखा गाळ. या धुरक्यात काय काय उडतं!

संध्याकाळी समताने विचारलं, कोणी आलं होतं का? मी नाही म्हटलं. लुंबिनी चित्र रंगवता रंगवता म्हणाली, आले ना, आजीनेच तर बुलवलं. आम्ही हसलो. पोरगी मात्र सोफ्यावर सरकून बसली होती, कोणाला जागा द्यावी तशी.

१६ नोव्हेंबर
आज वाजला तेव्हा कुरियर समजले. हां म्हटलं आणि तेच झालं. बाल्कनीतून वाकून बघितलं, पण धुरक्यात गेटच दिसत नाही. मग लुंबिनीच्या तोंडाला मास्क बांधला आणि खाली गेले. गार्ड श्याम मिशाळ, बोलका माणूस. त्याला खडसावलं, माणसं वर पाठवतोस ती जातात कुठे? तो हसला. म्हणाला, माताजी, माझी नोकरी घालवता का? तुमच्या टॉवरचा इंटरकॉम तुम्ही आलात त्याच रात्रीपासून बंद आहे, आम्ही मॅडमना मोबाइलवरच विचारतो.

मग हसणं थांबवून त्याने विचारलं, फोनवरचा कोणाला पाठवतो म्हणाला?

आठवून बघितलं. मेकॅनिक मीच ठरवला. इस्त्रीवाला मीच, कुरियरही मीच. त्याने फक्त एवढंच विचारलं होतं, भेज दूँ?

१७ नोव्हेंबर
रात्री घरच्यांना सांगितलं होतं. समाधान म्हणाला, आई, भूतबीत काही नसतं हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना? खरंय. जन्मभर मीच सांगत आले. त्याने फोनची वायर उपटून टाकली. जीव भांड्यात पडला. आता कोणी काही विचारलं तर आधी विचारीन, कोण?

दुपारी लुंबिनीने जेवताना आपल्या शेजारी तीन ताटल्या मांडल्या.

मी तीनदा हां म्हटलं होतं.

१८ नोव्हेंबर
वाजला. वायर खाली लोंबतेय, तरी वाजला. उचलला नाही. लुंबिनीला पोटाशी धरलं आणि बुद्धं सरणं म्हणत बसले, आवाज थांबेपर्यंत.

लुंबिनी माझे डोळे पुसत म्हणाली, रडू नको ना आजी. आता ते नाही विचारणार. सब आ गए.

समताला फोन केला, उद्या घरी राहा. म्हणाली, उद्या नाही जमायचं, पण लवकर येते.

१९ नोव्हेंबर
दुपार.

भाकरी थापत होते. मागून समताचा आवाज— माझ्या लेकीचाच— आई, घेऊन जाऊ का? वाटलं, लवकर आली, चटणीचा डबा नेतेय शेजारी द्यायला. पाठ न वळवता म्हटलं, ने गं, विचारतेस काय!

दार लागलं.

वळले. रंग सांडलेले. पोर नाही. तिच्या चपला दारातच. आणि स्टुलावर ग्लास— आज मी ठेवलाच नव्हता— काठोकाठ भरलेला.

समता अजून ऑफिसातच होती. फोनवर किंचाळली, कोणाला नेऊ दिलंस आई, कोणाला! इकडे श्याम म्हणतो, गेटमधून कोणी गेलं नाही. सगळे जिने शोधताहेत. मला म्हणाले, तुम्ही घरीच थांबा, पोर परत आली तर. हात रिकामा ठेवला तर वेड लागेल, म्हणून लिहिते—

वाजतोय. तोच, भिंतीवरचा.

उचलला. जन्मात पहिल्यांदा पाण्याआधी नाव विचारलं. कोण?

लुंबिनी. खोकला तिचाच. आजी, आए हैं, भेज दूँ?

कोण गं आलंय? तू की ते? पुन्हा तेवढंच— भेज दूँ?

नाही म्हणावं आणि खाली माझीच पोर असली तर— हो म्हणावं आणि—

मी काही बोलले नाही. खरंच नाही. फक्त हुंदका फुटला. तिकडून कोणीतरी म्हणालं, अच्छा.

हुंदक्याला ते हां समजले—

लिफ्ट वर येतेय. दार उघडंच आहे. मी ग्लास हातात—

थांबली. आतून खोक